आधी शेवटचं वावर

घर बघायला गेलो तेव्हा आबांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, की खाण्यापिण्याच्या सवयी विचारल्या नाहीत. ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमची गळती किती?"

मला काही बोध होईना. तेव्हा त्यांनीच समजावून सांगितलं. "सकाळी अख्खा दिवस हातात येतो. झोपताना बघायचं, त्यातला कामाला किती लागला आणि मधल्या मधे किती जिरला. जिरला ती गळती."

असा प्रश्न मला बँकेच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं, की मोजलेलं नाही, पण जिरतो पुष्कळ. आबा खूश झाले. "पहिल्या भेटीत गळती कबूल करणारा माणूस मी खात्यातसुद्धा पाहिला नाही," ते म्हणाले आणि आत बघून ओरडले, "चहा टाक वं. भाडेकरू भेटना." अहिराणीत भेटना म्हणजे भेटला.

मेहरूणमधली ही खोली मला मिळाली ती आबांच्या लेकीच्या ओळखीनं. ती आणि माझी बायको धुळ्याला एकाच शाळेत शिक्षिका. माझी बदली जळगावला झाली, बायकोची शाळा धुळ्यात, लेक लहान. तेव्हा आठवडाभर जळगाव आणि शनिवारी धुळं, असा माझा संसार एसटीच्या भरवशावर चालला होता. आबांच्या लेकीला आम्ही सगळे ताई म्हणायचो. तिनंच सांगितलं होतं, "आमच्या वरची खोली रिकामी आहे. फक्त आबांना सांभाळून घ्या." भाडेकरूनं घरमालकाला सांभाळून घ्यायचं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी गिरणेच्या पाटावर गेली. निवृत्त होताना खात्यानं त्यांच्याकडून गेटच्या किल्ल्या परत घेतल्या, पण कालवा काही परत घेता आला नाही. तो आबांनी घरी आणून ठेवला. त्यांच्या लेखी दिवस म्हणजे मुख्य कालवा, कामं म्हणजे त्यातून फुटणाऱ्या चाऱ्या, माणसं म्हणजे वावरं आणि मोबाइल म्हणजे खेकड्याचं बीळ. "वरून भराव एकदम चांगला दिसतो," माझ्या हातातल्या फोनकडे बघत ते म्हणायचे, "आणि खालून पाणी चाललेलं असतं." मी फोन खिशात घालायचो, जिना चढायचो आणि वर गेलो की पुन्हा काढायचो.

सकाळी सगळं मेहरूण तब्येतीसाठी तलावाला चक्कर मारायचं. आबा तपासणीसाठी मारायचे. हातात काठी, डोक्याला पांढरी टोपी, मनगटाला चावीचं घड्याळ. वाटेत कुणी "राम राम आबा, बरं चाललंय ना?" म्हटलं की ते न थांबता "वहन चालू आहे" एवढंच म्हणून पुढे व्हायचे. वाहतं पाणी मधे अडवलं की त्याचा जोर जातो, म्हणून बोलणं परतीच्या फेरीत. ज्यांना खरोखरच काही सांगायचं असे ते त्यांच्या बरोबर चालायला लागायचे. त्यामुळे होतं काय, की आबांच्या मागे नेहमी दोनचार धापा टाकणारी माणसं असायची आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हे कुणीतरी मोठे पुढारी असावेत.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. कालव्यातून चारी निघते. चारीवर वावरं, म्हणजे शेतं असतात. गेटाजवळचा शेतकरी आधी पाणी घेतो, पोटभर घेतो, आणि शेवटच्या वावराला पाणी पोचतच नाही. त्या शेवटच्या टोकाला खात्यात टेल म्हणतात. म्हणून शेजपाळी नावाची पद्धत आहे. बारी, म्हणजे पाळी, टेलपासून सुरू करायची. आधी शेवटचं वावर भिजवायचं, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत गेटाकडे यायचं. "कारण गेटाजवळच्याला कधीही मिळतं," आबा बोट वर करून सांगायचे. "टेलच्याला आत्ता नाही दिलं तर कधीच नाही मिळत."

यात आणखी एक पोटकलम होतं. बाकीचे निरीक्षक गेटवर सावलीत बसायचे. आबा सायकल घेऊन चारीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसायचे. "गेटवर बसलेला माणूस पाणी सोडतो," ते म्हणायचे, "टेलवर बसलेला पोचवतो." हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की समोरच्याला टाळी वाजवावीशी वाटावी. मी एकदा वाजवलीही. त्यांना ते आवडलं नाही.

हा नियम पाण्याला लावला तोवर ठीक होतं. आबांनी तो पाहुण्यांना लावला. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की जो सगळ्यात लांबून आला त्याच्याशी आधी बोलायचं. यावलहून आलेला, मग असोद्याचा, मग रेल्वे लाइनीपलीकडचा आणि सगळ्यात शेवटी गल्लीतला. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहायचे. आबांचे जुने मित्र. पण घर समोर असल्यामुळे त्यांची बारी कधी लागायचीच नाही. बिचारे चहाचा रिकामा कप हातात धरून बसायचे आणि उठून जायचे. एकदा ते बहिणीला भेटायला यावलला गेले होते. परत आले ते स्टँडवरून स्वतःच्या घरी न जाता पिशवीसकट सरळ आबांच्या ओट्यावर चढले आणि म्हणाले, "आज मी यावलहून येतोय. आधी माझं ऐका." आबांनी शांतपणे सगळ्यांना थांबवलं आणि मास्तरांचं ऐकून घेतलं. नियम म्हणजे नियम.

ताईच्या लग्नाच्या पत्रिकाही त्यांनी अशाच वाटल्या. मी तेव्हा नव्हतो, पण ही गोष्ट मला मास्तरांनी, अक्कानं आणि खुद्द ताईनं अशी तीन वेळा सांगितली आहे. आबांनी सुरुवात केली ती सुरतेच्या नातेवाइकांपासून. मग नंदुरबार, मग दोंडाईचा, मग शिरपूर. तापीकाठची सगळी भावकी झाली. जळगावात शिरेपर्यंत हळद लागली. समोरच्या मास्तरांना पत्रिका पोचलीच नाही. ते आपल्या गॅलरीत उभे राहून मांडव बघत होते. शेवटी अक्का रस्ता ओलांडून गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. पत्रिका त्यांना नंतर मिळाली, वरात परत गेल्यावर.

अक्का म्हणजे आबांची बायको. मी तिला अक्का म्हणायचो कारण सगळी गल्ली म्हणायची. आबांच्या कालव्याला उघडपणे न जुमानणारं ते एकच माणूस. "यास्ना पाट आटना, पन बारी आटनी नही," म्हणजे पाट आटला, पण बारी आटली नाही, असं ती आबांच्या समोरच म्हणायची. आबांनी एकदा तिला स्वयंपाकाची बारी आखून द्यायचा प्रयत्न केला होता. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मना चुल्हावर तुमनी बारी चालत नही. भूक लागनी की खावानं." त्यानंतर आबांनी स्वयंपाकघर लाभक्षेत्राच्या बाहेर असल्याचं जाहीर केलं.

मी हसतोय खरा, पण त्या माणसाचा मला उपयोगही झाला, तो नाकारण्याइतका मी कोता नाही. माझ्या टेबलाची अवस्था तेव्हा वाईट होती. मी कर्जविभागात होतो. सकाळी बँक उघडली की व्यापारी मंडळी काचेजवळ उभी, ती दुपारपर्यंत हटत नसत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पहिल्या गाडीनं आलेली माणसं बाकावर बसून राहायची. त्यांचं काम निघेपर्यंत परतीची गाडी गेलेली असायची. मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचो, तरी काम उरायचं. घरी आलो की आबा ओट्यावर असायचेच. एकदा मी त्यांच्याजवळ रडगाणं गायलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बरंच लांबून आलेल्याचं ऐकावं तसं, आणि विचारलं, "तुमच्या चारीला टेल कोण?"

दुसऱ्या दिवशी मी बाकावरच्या माणसांना आधी हाक मारली. व्यापारी चिडले, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पण आठवड्याभरात एक गंमत लक्षात आली. ज्याचं दुकान बँकेच्या समोर आहे तो दुपारी पुन्हा येऊ शकतो, आणि आला तर आनंदानं येतो, कारण गर्दी नसते. माझं टेबल वेळेवर रिकामं होऊ लागलं. साहेबांनी ही कल्पना त्यांचीच होती असं वरिष्ठांना सांगितलं. मी आबांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वरच्या अंगाला नेहमी असंच होतं."

घरच्या बाबतीत त्यांनी मला न विचारताच सल्ला दिला. मी रोज रात्री जेवण झाल्यावर धुळ्याला फोन करायचो. तोवर मी अर्धा झोपलेला, बायको वह्या तपासून थकलेली, लेक झोपून गेलेली. "उरलेलं पाणी पाठवता तुम्ही घरी," आबा म्हणाले. "धुळं तुमचा टेल आहे. सकाळी आधी तिकडे सोडा." मी सकाळी, दाढीच्याही आधी फोन करायला लागलो. लेक दात घासता घासता बोलायची. काय बोलायची ते फेसामुळे समजत नसे, पण माझा दिवस बरा जायचा. "कोण आहेत हो हे आबा?" बायकोनं विचारलं. मी म्हटलं, ताईचे वडील. ती म्हणाली, "मग ताईला कधी करतात फोन?"

ताईची बारी रविवारची होती. रविवारी सकाळी तिनं फोन करायचा, आबांनी बोलायचं, मग अक्कानं. आबा घड्याळ काढून समोर ठेवायचे आणि वेळ झाली की म्हणायचे, "चाल मंग, ठेवू." अक्काचं बोलणं नेहमी अर्धं राहायचं. मी एकदा म्हटलं, "आबा, ताई तर तुमची एकुलती एक. तिला कशाला बारी?" ते म्हणाले, "ती घरची आहे. घरच्या माणसाला काय, कधीही देता येतं."

तरी एक दिवस होता, आखाजीचा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खानदेशात लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. आबांच्या अंगणात कडुनिंब आहे. झोक्याची सागवानी पाटी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली असायची. ताई लहान असताना आबा एकाही आखाजीला घरी नव्हते, कारण आखाजी नेमकी उन्हाळी आवर्तनात, कालव्याला पाणी सुटलेलं असताना यायची आणि आबा कुठल्यातरी टेलवर बसलेले असायचे. निवृत्त झाल्यापासून मात्र ते स्वतः झोका बांधायचे, स्वतः झुलवायचे. गल्लीतल्या माहेरवाशिणी यायच्या, त्यांचीही बारी लागायची. अक्का ओट्याच्या कडेला बसून सांजोऱ्या तळायची आणि हसायची. मी एक आखाजी पाहिली. त्या दिवशी आबा घड्याळ घालत नसत.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. आखाजीला अजून बरेच दिवस होते. एका बुधवारी संध्याकाळी अक्कानं भरीत केलं होतं आणि मला खाली जेवायला बोलावलं होतं. कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि आबांचा फोन वाजला. ताईचा होता. आबांनी फोनकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग उचलला.

"काय अडचण शे का?"

"नही आबा, अडचण नही, पन..."

"मंग रविवारे बोलूत. पावना जेवाले बठेल शे." आणि ठेवला.

पाहुणा म्हणजे मी, जो वरच्या मजल्यावर राहत होतो. अक्का वाढायची थांबली. "आंडेर शे ती," ती म्हणाली. "वावर नही." आंडेर म्हणजे लेक. आबांनी भरीत वाढून घेतलं आणि शांतपणे जेवले. त्या रविवारी ताईचा फोन आला नाही, हे मला नंतर कळलं, कारण मी धुळ्याला होतो.

शनिवारी घरी पोचलो तर दारातच बायकोनं तोंडात पेढा कोंबला. ताई मुख्याध्यापिका झाली होती. शाळेत दुपारी जाहीर झालं, पेढे वाटले, शिक्षकांनी ताईला मधे बसवून फोटो काढला. बायकोनं एक खोका आबा-अक्कांसाठी बाजूला काढून ठेवला होता. सोमवारी सकाळी मी तो घेऊन जळगावला आलो, बॅग खाली ठेवायच्या आधी आबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आबा, अभिनंदन."

"कशाचं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "ताई मुख्याध्यापिका झाली त्याचं."

आबांनी खोका तसाच धरून ठेवला. अक्का आतून बाहेर आली. तिनं विचारलं, "कवय?"

"शाळेत शनिवारी सांगितलं. पण पत्र बुधवारीच आलं होतं म्हणे. संध्याकाळी."

ओट्याच्या कठड्यावर आबांचा फोन पडलेला होता. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं, आबांनी पाहिलं आणि मग मीही पाहिलं. अक्का आत निघून गेली. मला त्या क्षणी आबांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही एकदम.

पुढचे दोन दिवस आबांनी एकच उद्योग केला. कालवा फुटला की निरीक्षक पाणी कुठून कुठे गेलं ते चालत बघत जातो, तशी ती बातमी कुठून कुठे गेली ते त्यांनी शोधून काढलं. ताईच्या सासरी दोंडाईचाला ती शनिवारीच पोचली होती. तिथून शिरपूरला, शिरपूरहून सुरतेला. समोरच्या मास्तरांनी तर ताईचा फोटो फोनवर रविवारी सकाळीच पाहिला होता. आबा त्यांच्यावर उखडले, "मग सांगितलं का नाही?" मास्तर म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला आधीच माहीत असणार. आणि तुमच्या ओट्यावर माझी बारी लागते कुठे?"

आबा ओट्यावर येऊन बसले. मी कामावरून येत होतो. मला जवळ बोलावून ते म्हणाले, "सुरतेला आधी कळलं. मला सगळ्यांच्या शेवटी." मग थोड्या वेळानं, "टेलवर बसलो पुष्कळ. टेलवरच्या माणसाला कसं वाटतं ते आज कळलं." त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला. मी वर गेलो. त्या आठवड्यात तलावाभोवती तपासणी झाली नाही.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला, पण तो फार व्यवस्थित होता, असं अक्काकडून कळलं. तब्येत बरी आहे, शाळा बरी आहे. आबांनी "अभिनंदन" म्हटलं, ती "हो" म्हणाली. आबांनी घड्याळ काढलं नव्हतं, तरी तीच म्हणाली, "चला आबा, वेळ झाली." असे बरेच रविवार गेले. मग आखाजीच्या आधीच्या रविवारी, सणाला जायचंच म्हणून मी जळगावातच थांबलो होतो तेव्हा, तिनं सांगितलं, "यंदा जमनार नही, आबा. शाळानं काम शे. मनी बारी दुसराले द्या."

आबांनी फोन ठेवला. माळ्यावरून पाटी आदल्या दिवशीच उतरवलेली होती, तेल लावून उन्हात ठेवलेली. ती ते नुसते बघत राहिले. सासरच्या अडचणीमुळे लेक आली नाही तर माणूस समजू शकतो. ही आपल्यामुळे येत नव्हती. आज आखाजीला नाही आली, तर उद्या श्रावणातल्या कानबाईला, दिवाळीला तरी कशाला येईल, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं.

आखाजीच्या दिवशी मी पहाटे बॅग घेऊन खाली उतरलो. सणाला घरी निघालो होतो. बघतो तर अंगणात आबा टोपी घालून तयार, काखेत झोक्याची पाटी, खांद्यावर दोराचं वेटोळं. अक्का हातात सांजोऱ्यांचा डबा घेऊन उभी होती, पण तिचा पाय निघत नव्हता.

"आखाजीले कोनता बाप आंडेरना घर जास?" ती विचारत होती. लेकीनं यायचं असतं त्या दिवशी आईबापानंच तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. शिवाय आबा जुन्या वळणाचे, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे.

आबा फाटक उघडत म्हणाले, "टेलले पानी पोचाडनं व्हई ते टेलवर जाईसन बठनं पडस."

एसटीत त्या पाटीनं सगळ्यांचा छळ केला. सीटखाली ती मावेना. कंडक्टर म्हणाला, "बाबा, फर्निचरचं तिकीट लागेल." आबा म्हणाले, "लाव." एरंडोलला उतरणारी एक बाई तिला अडखळली, पारोळ्याला चढणारा एक जण तिच्यावरच बसला. कुणीतरी विचारलं, आजोबा, झोका कुणासाठी? आबा म्हणाले, "लेकीसाठी." "नात नाही, लेक?" "लेक. मुख्याध्यापिका आहे." सगळी गाडी हसली. अक्कानं पदर तोंडाला लावला. आबा खिडकीबाहेर बघत राहिले, पण कान लाल झाले होते.

धुळ्याच्या स्टँडवर बायको घ्यायला आली होती. तिनं सांगितलं, ताई घरी नाही, सुट्टी असूनही शाळेत निकालाचं काम करत बसली आहे. बापाची लेक, मी मनात म्हटलं. रिक्षातून पाटी अर्धी बाहेर काढून आम्ही शाळेत गेलो.

ताई एकटीच कार्यालयात होती, समोर गुणपत्रकांचे गठ्ठे. आबांना दारात बघून ती ताडकन उठली. "काय झालं? अक्का बरी आहे ना?" मागून अक्का दिसली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग ती पुन्हा खुर्चीत बसली आणि आवाज कोरडा करून म्हणाली, "आबा, मी येत नाही म्हणून कळवलं होतं."

"म्हणून तर आलो."

"मला आज वेळ नाही. हे संपवायचं आहे."

"तुझं चालू दे," आबा म्हणाले. "आम्ही बाहेर बसतो."

आणि ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पोरांना शिक्षा म्हणून बसवतात त्या बाकावर. आबांना कुणासाठी थांबताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा हात सारखा डाव्या मनगटाकडे जायचा. तिथे घड्याळ नव्हतं, तरी जायचा. शेवटी त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. ऊन व्हरांड्यात चढत आलं. मी म्हटलं, आपण घरी जाऊ, जेवू, मग येऊ. ते म्हणाले, "तुम्ही जा. तुमचंही घर आहे." मी काही गेलो नाही. काय होतंय ते बघायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, काळजीही वाटत होती.

थोड्या वेळानं ते उठले आणि शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधायला लागले. दोर फांदीवरून जाईना. दोनदा टोपीच पडली. तिसऱ्यांदा दोर गेला तेव्हा मागून आवाज आला, "गाठ सैल आहे आबा." ताई पायरीवर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

ती जवळ आली. "त्या दिवशी पत्र हातात पडलं तेव्हा मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "पहिला फोन तुम्हाला केला."

"माहीत आहे."

"अडचण असली तरच बोलायचं का मी तुमच्याशी?"

आबांनी गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकनं मनं. माले वाटनं, तू गेटना जवळच शे. तुले कवय बी भेटी." त्यांचे डोळे भरले होते. साऱ्या पाटावर दरारा असलेला तो माणूस शाळेच्या अंगणात टोपीनं डोळे पुसत होता, आणि मला चेष्टेचं एक वाक्यही सुचलं नाही.

ताई पाटीवर बसली. आबांनी झोका दिला. निकालाचे गठ्ठे आत, खिडकीतून दिसत होते, कागद पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. दोनचार झोके झाल्यावर तिनं जुन्या सवयीनं विचारलं, "किती वेळ, आबा?"

"धरणमा पानी शे तवलोंग."

ताई हसली आणि मग पदरानं तोंड पुसायला लागली. बराच वेळ ती झुलली. बायको सांजोऱ्यांचा डबा उघडून बसली होती. ताईनं सगळ्यांना पाणी आणून दिलं, आबांनाही, आणि आबा ते गटागट प्यायले. लेकीच्या दारचं पाणी. अक्कानं बघितलं आणि बायकोकडून डबा आपल्याकडे घेतला.

मग ताई पुन्हा झोक्याकडे निघाली तेव्हा अक्का डबा खाली ठेवून उठली. पायातल्या चपला काढल्या, नऊवारीचा सोगा नीट खोचला.

"थांब," ती म्हणाली. "आते मनी बारी. इतला वरीस झोका मना दारमा व्हता, मनी बारी कवय उनीच नही."

आम्ही सगळे हसलो. आबा हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, सुरतेची पत्रिका आधी नेणारा आणि समोरच्या घराची विसरणारा माणूस जसा बघेल तसे. मग पुढे झाले, पाटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि ती टेकल्यावर विचारलं, "बठनी का नीट?"